माझ्या हातून

गेल्या उन्हाळ्यात एक आजी उजवा खांदा धरून माझ्याकडे आल्या. ह्यूस्टनच्या ज्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, तिथे येणारी बरीच माणसं घरी स्पॅनिशच बोलतात. त्यांच्यासाठी टेबलावर एक फोन असतो आणि फोनच्या पलीकडे दुभाषी. मी इंग्रजीत विचारायचं, त्याने स्पॅनिशमध्ये सांगायचं, उत्तर पुन्हा त्याच वाटेने माझ्यापर्यंत यायचं.

खांदा कसा दुखावला, असं मी विचारलं. आजी चांगली दोन मिनिटं बोलल्या. बोलता बोलता त्यांनी डावा हात छातीशी आणला, बाळ धरावं तसा. मग तो अलगद मोकळा सोडला. डोळे भरून आले होते. फोनमधून इंग्रजीत एकच वाक्य आलं. त्याचा अर्थ, “तिने नातवाला खाली पाडलं.” मग, “मूल ठीक आहे. गालिच्यावर पडलं.”

मी ते तसंच टिपून घेतलं. लिहून मान वर केली तेव्हा आजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण त्यानंतर त्या हो आणि नाही यापलीकडे काही बोलल्या नाहीत.

दोन मिनिटांच्या बोलण्याचं एक वाक्य झालं, ही गोष्ट मनातून जाईना. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर मी दोन वर्षं स्पॅनिश गिरवत होते. ‘मुलगा सफरचंद खातो’ इथवर गाडी आली होती. त्या वाक्याचा आजींच्या खांद्याला काही उपयोग नव्हता. शेवटी ठरवलं की डिसेंबरची सगळी रजा एकत्र घ्यायची आणि जिथे दुसरी भाषा कामाला येणार नाही अशा ठिकाणी जाऊन राहायचं. दरवर्षी ही रजा मी घोलवडला आईकडे घालवते. तिला कसं सांगावं याचंच ओझं होतं. फोनवर ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “शिकायला चाललीस ना? मग जा. वाडी कुठे पळून जात नाही.”

अशी मी 10 डिसेंबरला वाहाकात उतरले.

दक्षिण मेक्सिकोतलं हे शहर दीडेक हजार मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलं आहे. नाव लिहिताना मध्ये इंग्रजी ‘एक्स’ येतो आणि उच्चारताना त्याचा ‘ह’ होतो. जुन्या गावातली देवळं आणि वाडे इथल्याच हिरवट दगडाचे आहेत. पाऊस पडून गेला की तो दगड शेवाळल्यासारखा गडद होतो. डिसेंबरात सकाळी शाल लागते आणि दुपारी सावली शोधावी लागते. चौकाचौकात लाल पानांच्या कुंड्या होत्या. आपण ज्याला पॉइनसेटिया म्हणतो ते झाड मूळचं मेक्सिकोचं. नाताळच्या आदल्या रात्रीला ‘नोचेबुएना’ म्हणतात आणि इथे या झाडालाही तेच नाव आहे.

राहायची सोय शाळेनेच एका घरी करून दिली होती. घरच्या सेन्योरा साठीच्या पुढच्या, नवरा गेलेला, मुलगे उत्तरेला कामाला. पहिल्या रात्री त्यांनी पानात काळ्या घेवड्याचं कालवण आणि तव्यावरून उतरवलेल्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या वाढल्या आणि म्हणाल्या, “प्रोवेचो.” दुसऱ्या दिवशी खानावळीत जेवत होते, तर शेजारच्या टेबलावरची अनोळखी माणसं उठून जाताना माझ्याकडे बघून तेच म्हणाली. म्हाताऱ्या बाईही म्हणाल्या, शाळेच्या गणवेशातला मुलगाही म्हणाला. शब्दकोशात ‘लाभ’ असा अर्थ सापडला आणि त्याने काहीच उलगडेना. तिसऱ्या दिवशी अचानक डोक्यात लख्ख झालं. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून रांगेतून फिरतो आणि म्हणतो, “सावकाश होऊ द्या.” हे तेच! जेवणाऱ्याच्या जेवणाकडे न बघता पुढे जायचं नाही. इतका साधा शब्द, पण मी तो इंग्रजीच्या दाराशी घेऊन बसले होते आणि तिकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं.

शाळा सकाळी नऊ ते एक. अंगणात बोगनवेल, तिच्याखाली लांब टेबल. आम्ही पाच विद्यार्थी होतो. दोघं कॅनडाचे, एक जर्मन, एक शिकागोचे निवृत्त गृहस्थ आणि मी. आमच्या शिक्षिका उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खेड्यातल्या. त्यांची पहिली भाषा सापोतेक, इथल्या मूळ रहिवाशांची. स्पॅनिश त्यांना सहाव्या वर्षी शाळेत गेल्यावर भेटली.

पहिल्याच आठवड्यात ‘मे गुस्ता’, म्हणजे ‘मला आवडतं’, आलं आणि वर्ग अडला. ‘मी चॉकलेट आवडते’ अशा साच्यात विचार करायची सवय असलेल्या माणसाला इथे वाक्य उलटं करावं लागतं. चॉकलेट कर्ता, आवडणं त्याची क्रिया, आणि आपण नुसते ‘मला’. फुलं अनेक असतील तर क्रियापदही अनेकवचनी, ‘मे गुस्तान लास फ्लोरेस’. शिकागोचे गृहस्थ वहीत बाण काढत होते. शिक्षिका माझ्याकडे वळल्या आणि मी एकामागून एक वाक्यं म्हणत गेले. मला चॉकलेट आवडतं. मला फुलं आवडतात. माझ्या आईला पाऊस आवडतो. मला काहीही उलटं करावं लागलं नव्हतं. माझ्या घरात वाक्य असंच उभं असतं.

त्यांनी विचारलं, “तुझी भाषा कुठली?” मी मराठी सांगितलं. त्यांनी नाव ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, “मग तू इंग्रजीतून का शिकतेस?”

याला उत्तर नव्हतं. मराठी शाळेतून शिकले, मग कॉलेज इंग्रजीत, नोकरी इंग्रजीत, आणि कधीतरी मनात पक्कं बसलं की नवीन काही शिकायचं तर इंग्रजीच्याच जिन्याने चढायचं. त्या दिवसापासून वहीच्या डाव्या बाजूला मी स्पॅनिश लिहू लागले आणि उजव्या बाजूला मराठी.

काय काय सापडत गेलं! स्पॅनिशमध्ये ‘घर बघते’ म्हणताना काही जोडत नाहीत, पण ‘आई’ आली की तिच्याआधी एक छोटा ‘आ’ लावावाच लागतो. व्याकरणाच्या पुस्तकात याला दीड पान दिलं होतं. आपण मी घर बघते म्हणतो आणि मी आईला बघते म्हणतो. माणसाला ‘ला’ लागतो, घराला लागत नाही. कुणी शिकवावं लागतं का हे? ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘यावंस’साठी त्यांचं वेगळं रूप आहे. इंग्रजीतून येणारे त्याच्यापाशी वर्षानुवर्षं धडपडतात. आपण देव्हाऱ्यासमोर ‘भलं होवो’ म्हणतो त्या ‘होवो’चं ते भावंडच. तू आणि तुम्ही तर सरळ आहेच. मात्र ‘असणं’ या एका क्रियेला त्यांची दोन क्रियापदं आहेत, स्वभावाचं असणं वेगळं आणि आत्ताचं असणं वेगळं. तिथे आपलं एकटं ‘आहे’ पुरं पडत नाही. तिथे मी इतरांसारखीच चुकत होते, अजून चुकते.

शब्दही ओळखीचे निघाले. पाव म्हणजे ‘पान’, साबण म्हणजे ‘हाबोन’, पाद्री म्हणजे ‘पाद्रे’, आणि पगाराचं मूळ असलेलं ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. यातली जादू समजायला फार लांब जावं लागत नाही. वसईपासून आमच्या डहाणूपर्यंतचा पट्टा चिमाजी आप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे 1739 पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. राज्य गेलं, शब्द स्वयंपाकघरात आणि मोरीत राहिले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी. मी वाहाकाच्या दुकानात साबण मागत होते तो शब्द घोलवडच्या मोरीतूनच सोबत आला होता.

सगळ्यात मोठी भेट मात्र बाजारात झाली.

गावाच्या दक्षिण टोकाला ‘सेंट्रल दे अबास्तोस’ हा घाऊक बाजार आहे. मिरच्यांच्या राशी, चुन्याची ढेकळं, भाजलेले नाकतोडे, तेहाते नावाच्या मका-कोकोच्या पेयाच्या घमेल्यांवर दाट पांढरा फेस. एका बाईसमोर गोणपाटावर तपकिरी, खरबरीत, लहान बटाट्याएवढी फळं मांडली होती. मी जागीच थांबले. हे चिकू होते. आमच्या वाडीतले असावेत इतके चिकू.

“काय म्हणता याला?” मी विचारलं.

“चिकोसापोते.”

मी पुन्हा म्हणायला लावलं. चिको. सापोते. तिने सुरीने एक फळ चिरलं आणि अर्धी फोड पुढे केली. तोच ओलसर, दाणेदार गर. तीच काळी चकचकीत बी, एका टोकाला बारीक आकडा असलेली, जी घशात अडकेल म्हणून आजी आम्हाला आधी काढून दाखवायला लावायची. लहानपणी मला वाटायचं की फळ तोडलं की देठातून चीक येतो म्हणून त्याला चिकू म्हणतात. चीक बोटांना लागला की दोन दिवस निघत नसे, खोबरेल लावून खरवडावा लागे. खरी गोष्ट अशी की हे झाड मूळचं याच भागातलं, मेक्सिकोचं आणि मध्य अमेरिकेचं. याच्या चिकाला इथल्या नाउआत्ल भाषेत ‘त्सिक्त्ली’ म्हणत. त्यावरून ‘चिक्ले’ आलं आणि च्युइंग गम आधी त्याच चिकाचा बनला. फळाचं नाव निम्मं तुटून समुद्रापार आलं आणि आमच्याकडे चिकू झालं. सापोते वाटेत कुठेतरी गळून गेलं.

त्या संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे आईच्या सकाळी साडेसातला, मी फोन केला. आयुष्य चिकूच्या वाडीत गेलेल्या बाईला हे कसं सांगावं असं वाटत होतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे चिकू तिकडचा?”

“तिकडचाच. पेरूही, पपईही, सीताफळही. मिरची तर पक्की मेक्सिकोची. दारावरच्या तोरणातला झेंडूसुद्धा.”

थोडा वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, “किलोला काय भाव?”

मी भाव सांगितला. तिने पेसोचे रुपये करायला लावले आणि म्हणाली, “बरा आहे. आमच्याकडे व्यापारी यातला चौथा हिस्साही हातात ठेवत नाही.” आणि मग किती तरी वेळ आम्ही, फळ झाडावर पिकू देतात की उतरवून पिकवतात, यावर बोलत राहिलो. दुसऱ्या दिवशी मी तेच प्रश्न घेऊन त्या बाईकडे गेले. माझ्या स्पॅनिशमधला तो पहिला खराखुरा संवाद. त्यातलं एकही वाक्य अ‍ॅपमध्ये नव्हतं. उतरवूनच पिकवतात. मी रात्री आईला कळवलं.

17 डिसेंबरला शिक्षिका आम्हाला गार्सिया विहिल रस्त्यावरच्या एका बैठ्या घरात घेऊन गेल्या. तारीख त्यांनी मुद्दाम निवडली होती. बेनितो हुआरेस यांचा जन्म 1806 सालचा, वाहाकाच्या उत्तरेच्या डोंगरातल्या ग्वेलाताओ गावी. तो जेमतेम तीन वर्षांचा असताना आईवडील गेले, पुढे काकाने वाढवलं. घरात भाषा सापोतेक. गावात शाळा नाही. ज्यांना ऐपत होती ते मुलांना शहरात शिकायला ठेवत आणि ज्यांना नव्हती ते घरकामाला ठेवत, बदल्यात लिहावाचायला शिकवा एवढीच अट. काका थोडं स्पॅनिश शिकवायचा. धडा आला नाही तर मारायला छडी मी स्वतःच त्याच्या हातात आणून द्यायचो, असं हुआरेस यांनी पुढे मुलांसाठी लिहिलेल्या आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. 17 डिसेंबर 1818 रोजी बारा वर्षांचा हा मुलगा घरातून पळाला आणि डोंगर उतरून पायी वाहाकात पोचला. बहीण एका घरी स्वयंपाकीण होती, तिच्याकडे. मग पुस्तकं बांधणाऱ्या सालानुएवा नावाच्या धार्मिक गृहस्थाने त्याला ठेवून घेतलं, ते हे घर. बांधणीचं लाकडी सामान अजून तिथे मांडलेलं आहे. हा मुलगा वकील झाला, राज्याचा गव्हर्नर झाला आणि 1858 ते 1872 मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष राहिला. ज्या घरी बहीण राबत होती त्याच घरच्या मुलीशी पुढे त्याचं लग्न झालं.

शिक्षिका त्या खोलीत बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की त्यांच्या शाळेत वर्गात सापोतेक शब्द निघाला की शिक्षा व्हायची. आता त्या स्वतःच्या मुलीशी घरी सापोतेकच बोलतात. मुलगी स्पॅनिशमध्ये उत्तर देते. “पण समजतं तिला,” त्या म्हणाल्या. ‘पण समजतं तिला’ हे वाक्य मी ह्यूस्टनच्या मराठी मंडळात किती आयांच्या तोंडून ऐकलं आहे! तोच स्वर, तसंच बोलून झाल्यावर दुसरीकडे बघणं.

त्यानंतरच्या दिवशी वाहाकाची ग्रामदेवता म्हणावी अशी सोलेदाद मातेची जत्रा होती. मंदिराच्या अंगणात बसून मी करपवलेल्या दुधाचं आइसक्रीम खाल्लं. दुधाला धूर लागल्याचा तो वास घरी आला असता तर पातेलं घासायला टाकलं असतं. इथे त्याला माणसं रांग लावतात. मोंते आल्बानलाही एकदा जाऊन आले. डोंगराचा माथा सपाट करून वसवलेली सापोतेकांची ती राजधानी अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. भव्य आहे, बघावीच. पण माझं मन त्या दिवसांत दगडांपेक्षा स्वयंपाकघरात जास्त होतं.

सेन्योरांचं स्वयंपाकघर अंगणाला लागून. कोपऱ्यात मेताते, म्हणजे तीन पायांचा उतरता पाटा आणि लांबट वरवंटा. रोज रात्री मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून ठेवायचे, सकाळी सालं चोळून धुवायची, मग दळायचं. या खोऱ्यातल्या गिला नाकित्स गुहेत मक्याची सहा हजार वर्षांहून जुनी कणसं मिळाली आहेत, आणि चुन्याची ही रीतही फार जुनी आहे. माझ्या पेशातल्या माणसाला तिचं मोल चटकन कळतं. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, अंगी लागतं. मका युरोपात गेला तेव्हा दाणे गेले, चुना गेला नाही. मग मक्यावरच जगणाऱ्या तिकडच्या गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, पिढ्यान्‌पिढ्या छळलं. बी घेतलं, पण ते ज्यांनी वाढवलं त्यांना कसं खायचं ते विचारलं नाही.

22 तारखेला नाताळच्या काळ्या मोलेची, म्हणजे मिरच्या-मसाल्यांच्या दाट रश्शाची तयारी सुरू झाली. चिल्वाक्ले नावाच्या मिरच्या कोमालवर, म्हणजे मातीच्या तव्यावर भाजल्या. त्यांच्या बिया तर पार काळ्या होईपर्यंत जाळल्या. घरभर ठसका. मी पदर म्हणून ओढणी नाकाला लावली आणि मला मे महिन्यातलं आमचं अंगण दिसलं. मसाल्याचा दिवस, खोकणारी पोरं, रागावणारे आजोबा. मग तीळ, बदाम, दालचिनी, लवंगा, जळकी तोर्तिया, शेवटी चॉकलेट. सेन्योरांनी मेतातेवर बसू दिलं. दोन गुडघे टेकून, कमरेतून पुढे जोर. हाताला ती ओढ माहीत होती. त्या म्हणाल्या, “तुझ्या हातांना येतं की.”

भांडी विसळायला घेतली आणि तेव्हा ते झालं. आत्सोंपा गावच्या हिरव्या झिलईचा एक पेला होता, त्यांच्या नवऱ्याचा. रोज तो फळीवर पालथा असायचा. माझ्या ओल्या हातातून तो सुटला आणि फरशीवर चार तुकडे झाले.

मला काही सुचेना. कर्ता, क्रियापद, कर्म असं जमेल तसं वाक्य जुळवून मी म्हणाले, मी पेला फोडला. मी फोडला. माफ करा.

सेन्योरा खाली वाकून तुकडे उचलत होत्या. मान हलवून म्हणाल्या, “नो. से ते रोंपिओ.”

मला वाटलं, व्याकरण सुधारतायत. सुधारतच होत्या, पण हळू आवाजात, माझ्या दंडावर ओला हात ठेवून. मी वहीकडे धावले नाही. उभ्या उभ्याच शब्द सुटे केले. रोंपिओ, फुटला. से, आपोआप. ते, तुला… तुझ्या… तुझ्या हातून. ‘तू फोडला नाहीस. तुझ्या हातून फुटला.’

लहानपणी कपबशी फुटली की धावत जाऊन आपण आईला काय सांगायचो? ‘आई, माझ्या हातून कप फुटला.’ फोडणारा वेगळा आणि ज्याच्या हातून फुटतं तो वेगळा. मराठीत हे पोरालाही कळतं. स्पॅनिशमध्येही कळतं. मधल्या भाषेत दोघांना एकच वाक्य मिळतं.

आणि तिथे, त्या तुकड्यांपाशी उभी असताना, मला ह्यूस्टनच्या आजी आठवल्या. फोनमधला आवाज बोलायला लागायच्या आधी त्या स्वतः काय म्हणाल्या होत्या ते ऐकू आलं. सहा महिने ते कानात अर्थाशिवाय पडून होतं. ‘से मे कायो.’ तीनदा म्हणाल्या होत्या, ‘से मे कायो एल निन्यो, से मे कायो.’ बाळ माझ्या हातून पडलं हो. खांद्याने दगा दिला आणि माझ्या हातून निसटलं. दुभाष्याचं काही चुकलं नव्हतं. इंग्रजीत ते तसंच सांगतात. पण त्या सांगत होत्या एक आणि मी लिहून घेतलं दुसरंच. त्यांनी माझा चेहरा वाचला होता.

रात्री आईला पेल्याचं सांगितलं. स्पॅनिश वाक्य म्हणून दाखवलं, अर्थ सांगितला. तिला एका क्षणात कळलं. “बरोबरच बोलल्या त्या,” ती म्हणाली, “मुद्दाम का कोणी फोडतं?” मग पुढे, “दुसरा पेला घेऊन दे हो त्यांना.” मी आत्सोंपाला जाऊन घेऊन आले. तो नव्या पेल्यांत राहिला. जुन्याचे तुकडे सेन्योरांनी निवडुंगाच्या कुंडीत मातीवर मांडून ठेवले.

23 तारखेला मुळ्यांची रात्र. सोकालोवर, म्हणजे गावाच्या मुख्य चौकात, 1897 पासून ही स्पर्धा भरते. त्याच्या आधी नाताळच्या बाजारात गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला भाजीवाले मुळे कोरून मांडत असत. त्यासाठी मुद्दाम जमिनीत जास्त दिवस ठेवलेले मुळे वापरतात. लालभडक सालीचे, मांडीएवढे, वेडेवाकडे. साल राखली तर लाल वस्त्र, सोलली तर पांढरा चेहरा. गोठ्यातला बाळ येशू, नाचणाऱ्या बायका, बाजारातल्या म्हाताऱ्या, मोले ढवळणारी एक मुळ्याची बाई, तिच्या हातातला मुळ्याचाच डाव. मी दोन तास रांगेत होते आणि प्रत्येक टेबलापाशी एकच दृश्य, कोणीतरी फवारणीची बाटली घेऊन मूर्तींवर पाणी मारत होतं. सुकू नये म्हणून. एका मुलीने तिच्या आजोबांनी कोरलेल्या देवदूताच्या पंखावर हलकेच फवारा मारला आणि बोटाने थेंब पसरवला. रात्र सरेपर्यंत पंख आकसायला लागले होते. गणपतीच्या मूर्तीवर शाडूच्या ओलीसाठी फडकं धरून बसलेल्या आमच्या गावच्या कारागिराचे हात मला तिथे दिसले.

आणि 24 ची रात्र. वेगवेगळ्या चर्चच्या मिरवणुका बँड वाजवत सोकालोवर येत होत्या, बाळ येशूला हातात घेऊन. कॅथेड्रलच्या बाजूला बुन्यूएलोंच्या गाड्या होत्या. बुन्यूएलो म्हणजे हातभर रुंद, कागदासारखी पातळ तळलेली पुरी, मोडून गुळचट पाकात घातलेली. मातीच्या साध्या ताटलीत देतात. खाऊन झालं की मनात एक मागणं धरायचं आणि ताटली भिंतीशी नेऊन फोडायची. पायाखाली खापऱ्यांचा खच पडला होता.

सेन्योरा माझ्यासोबत होत्या. मी खाऊन उठले, ताटली पाकाने निसरडी झालेली. गर्दीत कोणाचा तरी धक्का लागला आणि ती जागेवरच पडली, मागणं मनात येण्याआधीच. शेजारी सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. तिने तुकड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, काय मागितलंस?

“से मे कायो,” मी म्हणाले. वाक्य जुळवावं लागलं नाही.

ती गंभीर झाली. म्हणाली, मग नाही चालत. मुद्दाम फोडावं लागतं. सेन्योरा हसत गाडीवालीकडे वळल्या आणि एक रिकामी ताटली घेऊन आल्या. मी ती दोन्ही हातांत धरली, डोळे मिटले आणि भिंतीवर घातली. “ला रोंपी यो,” मी त्या मुलीला सांगितलं. ही मी फोडली. ती टाळ्या वाजवायला लागली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आजींची फेरतपासणी होती. दुभाष्याचा फोन टेबलावर होताच. तो नियम आहे आणि औषधपाण्याच्या गोष्टीत तो असायलाच हवा. पण तो लावण्याआधी मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली. जुनी नोंद मी सकाळीच उघडली होती आणि त्यातलं ते वाक्य दुरुस्त केलं होतं. खांद्यातली ताकद अचानक गेल्याने मूल हातातून निसटलं, असं.

स्पॅनिशमध्ये मी विचारलं, “नातू कसा आहे?”

त्यांनी चमकून वर बघितलं. चालायला लागला, म्हणाल्या.

“त्या दिवशी,” मी म्हणाले, “से ले कायो.” तुमच्या हातून पडला.

आजी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आंदाले. से मे कायो.” हो ना, माझ्या हातून पडला. आणि डावा हात खाली ठेवून त्यांनी उजवा हात आपणहून माझ्यापुढे केला.